दत्तक कुटुंबांची वही

वाशीची खाडी ओलांडून शीव-पनवेल महामार्गाने निघाले की नवी मुंबई पाट्यांवरून उलगडत जाते. सानपाडा, नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे, कळंबोली. नव्याने आलेल्या माणसाला ही सगळी उपनगरांची नावे वाटतात. वस्तुतः ती गावांची नावे आहेत; भातखाचरे, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी वस्त्यांची. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर आखले गेले, आणि गावे जागच्या जागी राहून त्यांच्या भोवती सेक्टर उभे राहिले. १९९२ मध्ये नवी मुंबई महानगरपालिका आली, २०१६ मध्ये पनवेलची. नकाशावर आता गाव शोधावे लागते. पायी फिरणाऱ्याला मात्र ते लगेच कळते. रस्ता अचानक अरुंद होतो, इमारती एकमेकींना टेकतात, ओट्यावर कोणी म्हातारी मासळी निवडत बसलेली असते.

याच महामार्गाच्या कडेला वैद्यकीय शिक्षणाची मोठी संकुले आहेत. कामोठ्याचे एम.जी.एम. वैद्यकीय महाविद्यालय १९८९ चे. त्याच्या संस्थेला २००६ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. नेरूळला क्रिकेटच्या स्टेडियममुळे सर्वांना ठाऊक असलेल्या परिसरातच डी. वाय. पाटील विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. ते अभिमत विद्यापीठ २००२ चे. तेरणा महाविद्यालयही नेरूळचेच. गेली सव्वीस वर्षे माझा दवाखाना या पट्ट्यात आहे. माझे रुग्ण या संकुलांना ‘मोठा दवाखाना’ म्हणतात. तेथे जायचे ते दुखणे हाताबाहेर गेल्यावर. तेथे शिकणारी मुले उलट दिशेने, म्हणजे फाटकाबाहेर पडून माणसांच्या घरी जातात, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

ती जातात, कारण आता तसा नियम आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात ‘कुटुंब दत्तक कार्यक्रम’ आणला. प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्याच वर्षी खेड्यातील तीन ते पाच कुटुंबे दत्तक घ्यायची आणि पुढील वर्षांत त्याच कुटुंबांकडे पुनःपुन्हा जायचे. पहिल्या वर्षी २७ तास, दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षी २१. आमच्या वेळी हा विषय ‘पी.एस.एम.’ या तीन अक्षरांत आटोपलेला असे. एखाद्या खेड्याची सहल, पाण्याच्या टाकीची पाहणी, परतताना वडापाव. ‘दत्तक’ हा शब्द मला आजही थोडा खटकतो. एकोणीस वर्षांच्या मुलाने सत्तरीच्या आजींना दत्तक घ्यायचे म्हणजे काय? प्रत्यक्षात कोण कोणाला पदरात घेते, ते पुढे येईलच.

सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या एका वर्गमैत्रिणीच्या आग्रहाने गेल्या जानेवारीत मी तिच्या विद्यार्थ्यांबरोबर पनवेल तालुक्यातील एका गावी गेले. गावाचे आणि महाविद्यालयाचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण तेथल्या माणसांची दुखणी येथे लिहायची आहेत. पनवेल मागे पडले की दहा-पंधरा मिनिटांत शहर संपते. माथेरानच्या उतारावरून येणारी गाढी नदी, समोर प्रबळगडाची भिंत, भाताची कापणी होऊन मोकळी झालेली खाचरे आणि त्यांत उरलेल्या ओलीवर पेरलेला वाल. रायगडात हे दिवस पोपटीचे. मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्याखाली वालाच्या शेंगा भाजल्याचा वास एका परसातून येत होता, आणि बसमधल्या अर्ध्या मुलांना तो कशाचा हे सांगावे लागले. अभिमत विद्यापीठांत मुले देशभरातून येतात. माझ्या शेजारी बसलेला मुलगा राजस्थानातला. त्याने वहीच्या मागच्या पानावर मराठी शब्द लिहून घेतले होते: दम, चक्कर, मुंग्या, जळजळ, कळ.

त्याची ही तिसरी फेरी. ज्या घरी मी त्याच्याबरोबर गेले तेथे पंचाहत्तरीच्या आजी, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे. पहिल्या दोन भेटींच्या नोंदी वहीत नीट होत्या. आजींचे वजन, रक्तदाब वाढलेला, औषध चालू, पायांना सूज, तंबाखू: नाही. या वेळी आम्ही सकाळी जरा लवकर पोहोचलो. आजी मोरीच्या कट्ट्याशी उभ्या राहून हिरड्यांवर काळी पूड घासत होत्या. मुलाने सुनेला विचारले, “हे काय?” ती म्हणाली, “मिश्री.” मिश्री म्हणजे भाजून कुटलेला तंबाखूच, पण आजींच्या लेखी तंबाखू पुरुष खातात, चुना लावून. त्यांना विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी खरे उत्तर दिले होते. प्रश्नच अपुरा होता. दिवसातून चार-पाच वेळा मिश्री लावणाऱ्या बाईचा रक्तदाब मिश्रीनंतर लगेच मोजला, तर निकोटिनमुळे तो चढाच येणार, आणि त्या आकड्यावर कोणी औषध वाढवले तर ते चुकीच्या आकड्यावर वाढणार. मुलाने वहीतली जुनी नोंद खोडली नाही, तिच्याशेजारी तारीख घालून नवी लिहिली. हे मला आवडले.

मग सुनेने औषधांची पिशवी आणली. अशी पिशवी प्रत्येक घरात असते. आपल्याही घरात असेल. त्यात रक्तदाबाच्या गोळ्यांची दोन पाकिटे निघाली, दोन वेगळ्या कंपन्यांची, दोन वेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेली. मुलाने ठळक नावाखालची बारीक अक्षरे वाचली. दोन्हींत एकच औषध: अम्लोडिपीन. एक सरकारी केंद्रातून, एक पनवेलच्या खाजगी दवाखान्यातून. आजी दोन्ही घेत होत्या, कारण दोन्ही डॉक्टरांनी ‘बंद करू नका’ असे बजावले होते. पायांच्या सुजेचे एक कारण तेथेच असू शकत होते, कारण या औषधाने घोट्यांना सूज येणे ठाऊक आहे आणि मात्रा वाढली की तीही वाढते. मुलगा गोळी बंद करा असे म्हणाला नाही. तसे म्हणण्याचा त्याला अधिकार नाही, हे त्याला पक्के शिकवलेले होते. त्याने शिक्षिकेला बोलावले. तिने चिठ्ठी लिहिली, आशाताईला दाखवली, आणि दोन दिवसांत प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन्ही पाकिटे सोबत घेऊन जायचे ठरले. ही गोष्ट माझ्या दवाखान्यात कळली असती का? दवाखान्यात माणूस पिशवी आणत नाही. तो सांगतो, “बीपीची गोळी चालू आहे.” आणि ते खरेच असते.

निघताना आजींनी त्या मुलाला विचारले, “आता कवा येशील रं बाला?” प्रश्न साधा होता, पण या साऱ्या कार्यक्रमाची परीक्षा त्यातच आहे. आपल्याकडे खेड्यांत आणि झोपडपट्ट्यांत माहिती गोळा करणारे थोडे आले नाहीत. फॉर्म भरले गेले, बोटाला सुई टोचली गेली, प्रबंध लिहिले गेले, आणि ज्यांचे रक्त घेतले त्यांना आपले हिमोग्लोबिन किती हे कधी कळले नाही. एकदाच येणारा पाहुणा उत्तरे घेऊन जातो. तिसऱ्यांदा येणाऱ्याला मिश्री दिसते.

सर्वत्र असे सुरळीत नव्हते. गावापासून वीस मिनिटांच्या चालीवर, डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांची वाडी आहे. त्या वाडीतली कुटुंबेही मुलांना वाटून दिलेली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा निम्म्याहून अधिक झोपड्यांच्या दारांना काट्या लावलेल्या. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात; रायगड-ठाण्यात हे पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे. भट्टीवाल्याकडून पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला सगळे घर, पोरांसकट, निघते. मागे राहतात ती चालू न शकणारी माणसे. एका झोपडीत एक आजोबा होते. शेजारीण त्यांना भाकर-पाणी देत असे. ज्या मुलीकडे ते घर होते, ती गोंधळून उभी राहिली. तिच्या वहीत सहा माणसे होती, समोर एक. फॉर्ममध्ये ‘कुटुंब अनुपलब्ध’ अशी चौकट होती, तिथे खूण करून निघणे सोपे होते. ती आजोबांजवळ बसली. त्यांना उजेडातले दिसत होते, पण सावलीतले नाही. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू, बॅटरीच्या उजेडात पांढरा दिसणारा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आज कोणत्याही मोठ्या रुग्णालयात रोजची गोष्ट आहे. त्यांच्यापर्यंत ती पोहोचली नव्हती, कारण नेणारे हात भट्टीवर होते. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये खूप वाद झाला. शेवटी असे ठरले की मार्चची फेरी वाडीवर नव्हे, भट्टीवर न्यायची, आणि आजोबांना न्यायला महाविद्यालयाची गाडी त्याआधी पाठवायची. गाडी गेली. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याची पावसाळ्यानंतर करायची आहे.

ही कल्पना नवी नाही, आणि ती प्रथम दिल्लीच्या कार्यालयात सुचली असेही नाही. महाराष्ट्रात तिचे मूळ सेवाग्रामला आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नय्यर यांनी तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. नव्या विद्यार्थ्यांनी आधी आश्रमात राहायचे, मग वर्गाने एक गाव निवडून तेथे शिबिरात मुक्काम करायचा, प्रत्येकाने काही कुटुंबांची जबाबदारी घ्यायची आणि पुढे त्या गावी जात राहायचे, ही तेथली जुनी रीत. फरक मुक्कामाचा आहे. आमची बस दुपारी दीडला परत फिरते. सेवाग्रामचा विद्यार्थी गावात रात्र काढतो. रात्री खोकणारी माणसे दुपारी दीडच्या आत भेटत नाहीत.

आणखी एक उदाहरण आपल्या समोरच्या किनाऱ्यावरचे. गेट वे ऑफ इंडियाहून लाँचने जातो ते मांडवा. जे.जे. रुग्णालयातील नामवंत प्लॅस्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांनी सत्तरच्या दशकात त्या भागातील खेड्यांत अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकवले. १९७५ मध्ये त्यांनी स्थापलेल्या ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ या संस्थेचे विचार त्याच अनुभवातून घडले. नेहमीची बहुतेक दुखणी गावातली बाईच हाताळू शकते, असे ते आग्रहाने सांगत. आज आपल्या दारात येणारी आशाताई २००५ नंतरची. तिच्या आधी अशा बायका मांडव्याच्या वाटांवरून चालल्या होत्या.

जगात मागे पाहू गेल्यास दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतातले फोलेला दिसते. १९४० मध्ये सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने तेथे आरोग्य केंद्र काढले आणि स्थानिक झुलू माणसांनाच प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवले. आधी थोड्या घरांचा एक तुकडा, तो नीट समजला की शेजारचा. ठरावीक घरे, तीच माणसे, पुन्हा भेट. पुढे वर्णद्वेषी राजवटीत ते काम मोडीत निघाले, पण ही पद्धत जगभरच्या वैद्यकीय शाळांनी उचलली. मुंबईतही जुनी ठिकाणे आहेत. धारावीतले ‘छोटा सायन’ हे शीवच्या लोकमान्य टिळक महाविद्यालयाचे नागरी आरोग्य केंद्र. मालवणीचे केंद्र के.ई.एम.च्या सेठ जी.एस. महाविद्यालयाचे. तेथल्या गल्ल्यांत तयार झालेले डॉक्टर ओळखू येतात. ते ‘काय होतंय?’च्या आधी ‘घरात कोण कोण आहे?’ असे विचारतात.

आपल्या दारात अशी मुले आली, तर वाचकांनी काय करावे? प्रथम, ती विद्यार्थी आहेत, डॉक्टर नाहीत, हे ध्यानात ठेवावे. ती औषध देणार नाहीत, आणि दिलेच तर घेऊ नये. ओळखपत्र मागावे. सोबत शिक्षक कोण हे विचारावे. नको असल्यास नाही म्हणण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. त्याने पुढच्या उपचारांत काही अडत नाही. मात्र ‘हो’ म्हटल्यावर त्यांच्याकडून आपला हिस्साही मागून घ्यावा: मोजलेला प्रत्येक आकडा, तारखेसह, आपल्या घरच्या वहीत. शेजाऱ्यांसमोर न बोलण्याच्या गोष्टी असतील, तर आत बसून बोलू असे सांगावे.

रक्तदाब मोजून घेताना घाई करू देऊ नये. आधी पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून शांत बसावे. हात हृदयाच्या पातळीवर, टेबलावर टेकलेला. चहा, विडी, तंबाखू किंवा मिश्री घेऊन अर्धा तास तरी झालेला असावा. लघवीला जाऊन यावे. मोजताना बोलू नये. मिनिटभराच्या अंतराने दुसऱ्यांदा मोजावा. वयस्कांसाठी आणखी एक मोजमाप मी आवर्जून सांगते, कारण ते क्वचितच घेतले जाते: पाच मिनिटे आडवे पडून, मग उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर उठताना तोल जाण्याचा धोका आहे आणि औषधांचा फेरविचार करायला हवा. रात्री बाथरूमला उठताना होणाऱ्या कित्येक पडण्यांचे मूळ येथे असते.

दुसरी चाचणी खुर्चीची. हात असलेल्या खुर्चीतून उठायचे, नेहमीच्या चालीने ३ मीटर जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. काठी वापरत असल्यास काठीसह. १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला, तर पडण्याची जोखीम वाढलेली समजावी. मुलांना ही चाचणी घ्यायला आवडते, कारण मोबाइलवर सेकंद मोजता येतात. शेजारी धरायला कोणी उभे असल्याशिवाय मात्र ती करू नये.

काळजी घेणाऱ्या सुना-मुलांसाठी एकच काम: पाहुणे येण्याच्या आदल्या रात्री घरातली सारी औषधे, डोळ्यांचे थेंब, चूर्णे आणि शेजारणीने दिलेल्या गोळ्यांसह, एका पिशवीत भरून ठेवणे. लाजून काही मागे ठेवू नये.

राहता राहिला प्रश्न शहराचा. दत्तक कार्यक्रम खेड्यांसाठी आहे, आणि ते योग्यच आहे. पण माझ्या दवाखान्याभोवतीच्या सेक्टरांत सिडकोने बांधलेल्या कित्येक इमारती चार मजल्यांच्या, उद्वाहनाशिवायच्या आहेत. त्यांत तिशीत राहायला आलेली जोडपी आता सत्तरीत आहेत. मुले पुण्याला, बंगळुरूला, परदेशी. गुडघे गेलेला माणूस चौथ्या मजल्यावर राहतो, म्हणजे व्यवहारतः तो बेटावर राहतो. किराणा पिशवीला दोरी बांधून वर ओढणारी घरे मी पाहिली आहेत. डोंगराच्या वाडीतले आजोबा आणि हे आजोबा यांच्यात पैशाचे अंतर मोठे आहे, पण नेणारे हात दोघांनाही नाहीत. मैत्रिणीला मी सुचवले की मुलांना महापालिकेच्या ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्रात आण, तेथे सकाळी सगळे जमतात. ती म्हणाली, “केंद्रात येतात ते जिना उतरू शकणारे. मला न येणारे हवेत.”

मग आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघाच्या चिटणीसांशी बोलले. निवृत्त बँक अधिकारी, हजेरीपट काटेकोर ठेवणारे. गेल्या दोन वर्षांत ज्यांचे येणे थांबले त्यांची नावे त्यांनी पटातून काढायला घेतली. काहींच्या नावापुढे ‘कैलासवासी’ लिहिले, काहींच्या पुढे ‘मुलाकडे गेले’. उरलेल्यांपुढे मजला लिहायला त्यांना सांगितले होते. यादी एका पानावर मावली नाही. परिचर्या महाविद्यालयाच्या मुली येत्या महिन्यापासून दर दुसऱ्या शनिवारी दोन-दोनच्या जोडीने जायला तयार झाल्या आहेत. चिटणीसांची एकच अट होती: प्रत्येक जोडीने वर्षभर तेच जिने चढायचे.